भुकेच्या हिवाळ्यातली बाळं

ॲमस्टरडॅम : नेदरलँड्समध्ये बाळ जन्मलं, की भेटायला येणाऱ्याच्या हातात एक गोल, कुरकुरीत टोस्ट ठेवला जातो. टोस्टवर लोणी आणि लोण्यावर चिकटवलेले, साखरेत घोळवलेले बडीशेपेसारखे दाणे. मुलगी असेल तर गुलाबी-पांढरे, मुलगा असेल तर निळे-पांढरे. या दाण्यांनी आईला दूध येतं, असा इथला जुना समज. बाळंतशेप चघळायला देणाऱ्या मराठी घरांना तो नवा वाटणार नाही. त्याच दिवसांत ‘क्रामझोर्ख’ची बाई घरी येऊ लागते. साधारण आठवडाभर ती रोज काही तास घरात असते. आई-बाळाची तपासणी करते, अंगावर पाजायला शिकवते, बाळंतीण वेळेवर जेवते की नाही ते पाहते, प्रसंगी धुणंही वाळत घालते. तिचा बहुतेक खर्च सक्तीच्या आरोग्यविम्यातून भागतो.

बाळंतिणीची अशी बूज राखणाऱ्या या देशात ऐंशी वर्षांपूर्वी गरोदर बायकांवर ट्यूलिपचे कंद उकडून खायची वेळ आली होती. आईच्या पोटातल्या भुकेचा मुलाच्या मनाशी काय संबंध असतो, याबद्दल जगाला आज जे ठाऊक आहे त्यातला मोठा भाग त्या एका हिवाळ्याने शिकवला आहे.

सप्टेंबर १९४४, दुसरं महायुद्ध. जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये दोस्त सैन्य दक्षिणेकडून आत शिरत होतं. लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या डच सरकारने रेल्वे कामगारांना संपावर जायला सांगितलं, आणि सूड म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडच्या शहरांची अन्नवाहतूक तोडली. नोव्हेंबरमध्ये बंदी थोडी सैल झाली, तोवर थंडी लवकर आणि कडक पडून कालवे गोठले. बोटी जागच्या जागी अडकल्या. ॲमस्टरडॅममध्ये माणशी रेशन नोव्हेंबरअखेर दिवसाला हजार कॅलरींच्या खाली गेलं आणि डिसेंबर ते एप्रिल ४०० ते ८०० कॅलरींवर रेंगाळत राहिलं. कंद सोलायचा, उभा चिरायचा, आतला पिवळा कोंब विषारी म्हणून काढून टाकायचा आणि उरलेलं उकडून कुस्करायचं, हे त्या वेळच्या बायकांना पाठ झालं होतं. टायर नसलेल्या सायकली दामटत त्या खेड्यापाड्यांत जायच्या आणि चादरी, दागिने देऊन बटाटे आणायच्या. चुलीला लाकूड हवं म्हणून लोकांनी ट्रामच्या रुळांमधले ठोकळेसुद्धा उपसले. सुमारे वीस हजार माणसं दगावली. एप्रिलच्या अखेरीस विमानांतून अन्नाची पोती पडू लागली, ५ मे १९४५ला देश मुक्त झाला आणि रेशन झपाट्याने सावरलं.

दुष्काळ बहुधा हळूहळू येतो, रेंगाळतो आणि आधी गरिबाला गाठतो. त्यामुळे पुढे मुलांमध्ये काही दोष दिसला, तर तो भुकेचा की जन्मभराच्या गरिबीचा, हे ठरवता येत नाही. इथली उपासमार मात्र सुखवस्तू शहरांवर अचानक लादली गेली, तिने वकिलाच्या आणि हमालाच्या घरात फार फरक केला नाही आणि ती ठरावीक दिवशी संपली. शिवाय नोंदी शाबूत राहिल्या. विल्हेल्मिना खास्तहाउस या ॲमस्टरडॅमच्या जुन्या इस्पितळाच्या आवारात आता घरं आणि कलावंतांचे स्टुडिओ आहेत; पण तिथे नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४७ या काळात जन्मलेल्या २,४१४ बाळांची वजनं आणि त्यांच्या आयांची टिपणं अजून अभ्यासली जातात. कोणतं बाळ गर्भात कितव्या महिन्यात असताना आईला किती खायला मिळत होतं, हे त्या नोंदी रेशनच्या तक्त्याशी जुळवून सांगता येतं.

या माहितीचा पहिला मोठा उपयोग केला तो झीना स्टाइन आणि मर्विन सुसर या दांपत्याने. दक्षिण आफ्रिकेतून आलेले हे डॉक्टर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. सैन्यभरतीसाठी आलेल्या सव्वा लाख डच तरुणांच्या बुद्धिमापनाचे निकाल त्यांनी पाहिले. गर्भात भूक सोसलेली मुलं एकोणिसाव्या वर्षी इतरांइतकीच हुशार निघाली. १९७२मध्ये हा निष्कर्ष छापून आला तेव्हा अनेकांना हायसं वाटलं असेल.

वीस वर्षांनी त्यांच्याच मुलाने दुसरा प्रश्न विचारला. एझ्रा सुसर मनोविकारतज्ज्ञ आणि साथरोगतज्ज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बुद्धीऐवजी मनोरुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. भुकेच्या ऐन कडाक्यात गर्भ राहिलेली, म्हणजे १९४५च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं मोठी झाल्यावर त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण इतरांच्या दुप्पट आढळलं. मज्जारज्जूच्या जन्मजात व्यंगांचं प्रमाणही याच मुलांमध्ये वाढलेलं होतं. पुढच्या अभ्यासांत गर्भावस्थेच्या मधल्या आणि शेवटच्या महिन्यांत भूक सोसलेल्यांमध्ये तीव्र भावविकार जास्त दिसले. तरुण पुरुषांमध्ये समाजविघातक वर्तनाचा विकार जास्त दिसला, तोही पहिल्या सहा महिन्यांत भूक सोसलेल्यांमध्ये.

हे दुप्पट म्हणजे किती, तेही नीट समजून घ्यायला हवं. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो. तो दोघांना झाला, तरी अठ्ठ्याण्णव जण त्यापासून दूर राहतात. त्या हिवाळ्यातली बहुसंख्य मुलं धडधाकट आयुष्य जगली. थंडी, बॉम्ब आणि भीती हीसुद्धा आयांच्या वाट्याला आलीच होती, त्यामुळे दोष एकट्या भुकेचा असं म्हणता आलं नसतं. पण चीनमध्ये १९५९ ते १९६१च्या महादुष्काळानंतर आन्हवी प्रांतातल्या वूहू भागाच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा तिथेही स्किझोफ्रेनियाचं ०.८४ टक्क्यांचं प्रमाण १९६०मध्ये जन्मलेल्यांत २.१५ टक्क्यांवर गेलेलं होतं. वेगळा देश, वेगळं अन्न, आणि वाढ साधारण तशीच. याला योगायोग म्हणणं कठीण आहे.

ॲमस्टरडॅमच्या टेसा रोझेबोम आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षं विल्हेल्मिना खास्तहाउसमधल्या बाळांचा पाठपुरावा करत आहेत. आता ती बाळं ऐंशीच्या घरात पोचली. त्या पाठपुराव्यातली एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. भुकेचे महिने शेवटी आले, तर बाळ तीनेकशे ग्रॅमनी हलकं जन्मायचं. पण भूक सुरुवातीलाच येऊन गेली आणि पुढे आईला पोटभर मिळालं, तर बाळ चांगलं गुटगुटीत जन्मायचं, वजनकाट्याला काही कळायचं नाही. आणि पुढे हृदयविकार, स्किझोफ्रेनिया, साठीच्या आतच एकाग्रतेच्या चाचणीत मागे पडणं, हे अशाच बाळांमध्ये जास्त दिसलं.

आज इथे कुणी उपाशी नाही, तरी प्रश्न संपलेला नाही. रॉटरडॅममध्ये सुमारे दहा हजार मुलांवर ‘जनरेशन आर’ हा अभ्यास चालू आहे. त्यात ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणाच्या सुरुवातीला फोलेट हे जीवनसत्त्व कमी होतं, त्यांच्या तीन वर्षांच्या मुलांमध्ये भावनिक अडचणी जास्त दिसल्या. नॉर्वेतल्या तेवीस हजार आई-मुलांच्या पाहणीत गोड पेयं, खारवलेले आणि पाकीटबंद पदार्थ जास्त खाणाऱ्या आयांची मुलं अधिक आक्रस्ताळी आढळली. अशा पाहण्यांतून कारण आणि परिणाम ठामपणे सांगता येत नाहीत. तरी डच सरकारने २०१८मध्ये आयुष्याच्या पहिल्या हजार दिवसांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि गर्भधारणेआधी चार आठवड्यांपासून फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटच्या गोळ्या, घ्या, हा सल्ला इथे सर्रास दिला जातो.

महाराष्ट्रात याचा धागा पुण्याजवळच्या सहा गावांपर्यंत पोचतो. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून तिथल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. बहुतेक आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्या आयांमध्ये ते फारच कमी होतं, त्यांची नऊ वर्षांची मुलं एकाग्रतेच्या आणि आकडे उलट क्रमाने सांगण्याच्या चाचण्यांत मागे पडली. बी-१२ दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. पोळी-भाजी-भात कितीही खाल्ला, तरी ते त्यातून मिळत नाही.

आपल्याकडे कौतुक होतं ते डोहाळजेवणाला, सातव्या महिन्यात. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया मात्र गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच घातला जातो, आणि तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून यात आईला दोष देणं चूक तर आहेच, क्रूरही आहे. १९४४च्या आयांनी उपास स्वतः निवडला नव्हता, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरलेलं खाणाऱ्या सुनेनेही तो निवडलेला नसतो. घरात लग्न ठरलेली मुलगी किंवा नवी सून असेल, तर दिवस जायची वाट पाहू नका. तिचं हिमोग्लोबिन आणि बी-१२ आताच तपासून घ्या, फोलिक ॲसिडबद्दल डॉक्टरांना विचारा आणि आज रात्री पहिलं ताट तिचं वाढा.