पिंजरा आधी, हॅमस्टर नंतर

चाकणच्या कारखान्यांच्या आसऱ्याने ज्या भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, त्यांत दहा बाय दहाची, वर पत्रा असलेली खोली हेच अनेक कामगारांचे घर आहे. मुलांच्या हट्टापायी अशा घरांत आता हॅमस्टर येऊ लागला आहे. कुत्रे पाळू म्हटले तर घरमालक नाही म्हणतो. हा प्राणी मुठीएवढा, खातो थोडे, ओरडत नाही. मग अडचण काय? अडचण त्याच्या राहण्याची आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या कामगार बंधूंनी मुलीच्या वाढदिवसाला दोन हॅमस्टर आणले. 'एकट्याला करमत नाही, जोडी घ्या' असे सांगून दुकानदाराने दीड फूट बाय एक फुटाचा रंगीत तारेचा पिंजराही गळ्यात मारला. तीन आठवड्यांत दोघांची जुंपली व एक मेला. उरलेला भर दुपारी पत्र्याखाली पोट टेकून धापा टाकू लागला, तेव्हा मुलगी रडत आमच्याकडे आली. रेशनकार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत वस्तीतले सारे आमच्याकडे येते, तसे हेही आले. मग आम्ही माहिती काढली.

सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरियातील अलेप्पो भागातला. १९३० साली इस्रायल अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञांनी तेथील बिळातून एक मादी व तिची पिले मिळवली. आज पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्याच वंशाचे. तेथे एका बिळात एकच मोठा हॅमस्टर राहतो आणि बीळ सरासरी दोन फूट खोल असते. म्हणजे त्याला सोबत नको, उकरायला जागा हवी.

जर्मनीतील प्राणिरक्षणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने कमीत कमी माप सांगितले आहे : लांबी १०० सें.मी., रुंदी ५०, उंची ५०. आम्ही हिशेब केला. दुकानातला पिंजरा दीड चौरस फूट, आणि हवी जागा सुमारे साडेपाच चौरस फूट! पिंजऱ्याला वर मजले चढवून ही तूट भरून निघत नाही. उलट पडून पाय मोडण्याची भीती. खाली भुशाचा थर निदान एक वीत, जमल्यास फूटभर द्यावा. थर पातळ असला की हॅमस्टर तारा अधिक कुरतडतात, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले आहे.

आमच्याकडे लाकूड फुकट मिळते, पण जपून घ्यावे. परदेशी जाणाऱ्या मालाच्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात 'एमबी' ही इंग्रजी अक्षरे असतील तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घेऊ नये. 'एचटी' म्हणजे फक्त उष्णता दिलेले, ते चालते. रंग नको, प्लायवूडचा भुसाही नको. वर बारीक जाळी हवी, कारण वस्तीत मांजर आहे, उंदीर आहेत. धावण्याचे चाक गजांचे नसावे, सपाट हवे आणि अकरा इंचांच्या आसपास हवे. लहान चाकात पाठ वाकते.

खरा प्रश्न उन्हाचा. तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास होतो, आणि एप्रिल-मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. पेटी भिंतीकडेच्या सावलीत जमिनीवर ठेवावी. आत शहाबादी फरशीचा तुकडा आणि अर्धे फुटलेले गाडगे ठेवावे. पंख्याचा झोत थेट नको. काचेची टाकी उन्हाळ्यात तापते.

हा प्राणी रातपाळीवाला आहे. रात्रभर चाक फिरवणार, दिवसा झोपणार. दिवसा कोणी हलवून उठवले तर कसे वाटते, हे थर्ड शिफ्ट करणाऱ्यांना आम्ही काय सांगावे! मुलांना मात्र सांगावे लागते. एकाच खोलीत सगळे झोपत असतील तर चाकाच्या आवाजाचाही आधी विचार करावा.

हलता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे, हे दुकानदारांनीही वाचावे. इतकी जागा घरात नसेल तर मुलाला सरळ नाही म्हणावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेजारच्या बंधूंनी एका सुट्टीत पॅलेटची पेटी ठोकली. ती खाटेखाली मावेना, म्हणून खाटेच्या पायांखाली विटा दिल्या आहेत. हॅमस्टर दिवसभर भुशात दिसत नाही, अशी मुलीची आता नवी तक्रार आहे.