पोहऱ्यातले बाराशे ज्यूल

दोस्तांनो, सुट्टीत आजोळी गेलात आणि तिथे अजून वापरातली विहीर असली, तर एकदा तरी रहाटावरून पाणी शेंदून बघाच. (शेजारी मोठं माणूस हवं आणि कठड्यावर वाकायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) रिकामा पोहरा सरसर खाली जातो, पाण्यावर धप्पकन आपटतो, कलंडतो, भरतो. मग दोराला अशी ओढ लागते की विचारू नका! पंचवीस-सव्वीस हात दोर ओढला की पोहरा कठड्याशी येतो आणि आपल्या तळहाताला दोराचे वळ उठलेले असतात.

आता नववीच्या विज्ञानातला 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा आठवा. वस्तू उचलायला तिच्या वजनाइतकं बल लावायचं. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य. जेवढं कार्य केलं, तेवढी स्थितिज ऊर्जा वस्तूत साठली. गणित सुटलं, मार्क मिळाले!

पण वर्गात मागच्या बाकावर एखादी चौकस मुलगी असतेच. ती म्हणते, "सर, पोहऱ्याचं वजन त्याला खाली ओढतंय आणि आपण बरोबर तेवढ्याच बलाने वर ओढतोय. दोन्ही बलं सारखी, मग पोहरा हलेलच कसा? आणि हललाच, तर त्याला वेग आला. वेग आला म्हणजे गतिज ऊर्जा आली. ती तुमच्या गणितात कुठे आहे?"

अशा प्रश्नाला पुष्कळदा "ते परीक्षेला नाही" असं उत्तर मिळतं, आणि मुलगी खाली बसते. मला विचाराल तर अख्ख्या धड्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे. चला, आपण तो सोडवू.

पाणी आणि पोहरा मिळून १० किलो धरू. विहीर काठापासून पाण्यापर्यंत १२ मीटर, म्हणजे साधारण चाळीस फूट. गुरुत्वीय त्वरण ९.८ असतं, पण हिशेबाला सोपं जावं म्हणून आपण १० घेऊ. तर पोहऱ्याचं वजन झालं १०० न्यूटन.

पाण्यातून वर आलेला पोहरा क्षणभर दोराला नुसता लटकलेला आहे. वेग शून्य. त्याला हलवायचं तर १०० न्यूटन पुरणारच नाहीत. मुलीचं म्हणणं अगदी बरोबर आहे! म्हणून सुरुवातीला आपण थोडं जास्त बल लावतो. समजा, पहिला पाव मीटर आपण १०५ न्यूटनने ओढलं. त्यातले १०० वजनाला तोंड देण्यात गेले, वरचे ५ उरले. ५ न्यूटन गुणिले पाव मीटर म्हणजे सव्वा ज्यूल. ही झाली पोहऱ्याची गतिज ऊर्जा. एवढ्याने पोहऱ्याला वेग येतो सेकंदाला अर्धा मीटर.

एकदा हा वेग आला की पुढे बरोबर १०० न्यूटन पुरतात. बलं समान असली की वस्तू थांबलेलीच असली पाहिजे असं कुठे आहे? चालती असेल तर ती त्याच वेगाने चालत राहते, हे न्यूटनसाहेबांनी १६८७ सालीच छापून ठेवलंय. पोहरा मधले साडेअकरा मीटर असाच शांतपणे वर येतो.

आणि शेवटी? काठाशी आल्यावर त्याला थांबवायचं आहे. तेव्हा आपला हात नकळत जरा हलका होतो. समजा, शेवटचा पाव मीटर आपण ९५ न्यूटननेच ओढलं. आता वजन वरचढ ठरतं आणि पोहऱ्याचा वेग कमी कमी होत शून्यावर येतो. सुरुवातीला दिलेला सव्वा ज्यूल इथे वळता झाला. म्हणजे शेवटच्या टप्प्यात हाताला तेवढं कमी कार्य करावं लागलं.

आता बेरीज मांडा. पहिल्या टप्प्यात २६.२५ ज्यूल, मधल्या टप्प्यात ११५०, शेवटच्या टप्प्यात २३.७५. एकूण बरोबर १२०० ज्यूल! पुस्तकातलं उत्तरही तेच, १०० गुणिले १२. म्हणजे पुस्तक चुकीचं नव्हतं. त्याने फक्त मधली गंमत गाळली होती.

विश्वास बसत नसेल तर रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा, स्प्रिंगचा काटा कुणाकडून तरी मागून आणा. त्याला दोन किलो कांद्यांची पिशवी अडकवा आणि काट्यावर नजर ठेवून पिशवी वर न्या. उचलताना काटा दोनच्या पुढे जातो, एकसारख्या वेगाने नेताना दोनवर राहतो आणि थांबताना दोनच्या खाली येतो. हे सगळं क्षणभरात होतं, म्हणून तीन-चार वेळा करून बघा. लिफ्ट वर जायला निघताना पाय जड होतात आणि थांबताना पोटात गोळा येतो, तोही याच हिशेबाचा भाग.

बरं, काठाशी थांबलेल्या पोहऱ्यात हे बाराशे ज्यूल दिसतात का? मुळीच नाही. पोहरा गप्प लटकलेला असतो. पण जुना दोर त्याच क्षणी तुटला तर? सहा मीटर खाली येईपर्यंत ६०० ज्यूल गतिज झालेले असतात आणि ६०० अजून स्थितिज असतात. पाण्यापाशी पोचताना जवळजवळ सगळे १२०० गतिज होतात. तेव्हा पोहऱ्याचा वेग असतो सेकंदाला साडेपंधरा मीटर, म्हणजे तासाला सुमारे ५६ किलोमीटर. रस्त्यावर धावणाऱ्या एसटीएवढा! वर येताना गतिज ऊर्जा होती फक्त सव्वा ज्यूल, जाताना बाराशे. आपण हातांनी हळूहळू जमा केलेली पुंजी गुरुत्वाकर्षणाने दीड सेकंदात उधळली म्हणा ना.

इथे एका शब्दाबद्दल बोलायलाच हवं. आपल्याकडे कार्य म्हटलं की लग्न नाहीतर मुंज. भौतिकशास्त्रातलं कार्य मात्र फार कंजूष आहे. बल लावलं आणि त्या बलाच्या दिशेने वस्तू सरकली, तरच ते मोजलं जातं. पाण्याने भरलेला १५ किलोचा हंडा जमिनीवरून उचलून दीड मीटर उंच डोक्यावर ठेवला, तर कार्य झालं २२५ ज्यूल. मग तो हंडा घेऊन सपाट रस्त्याने एक किलोमीटर चाललं, तर हंड्यावर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झालेलं कार्य किती? शून्य! कारण डोकं हंड्याला वरच्या दिशेने आधार देतंय आणि हंडा सरकतोय आडवा.

हे वाक्य जिच्या मानेवर हंडा आहे तिला जाऊन सांगू नका. ती तो हंडा तुमच्याच डोक्यावर देईल, आणि तिचं काही चुकणार नाही. हंड्याची ऊर्जा वाढत नाही हे खरं. पण तिचे स्नायू प्रत्येक पावलागणिक आवळतात, सैल होतात. शरीर थोडं वर उचललं जातं, पुन्हा खाली येतं. त्यासाठी जेवणातून मिळालेली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होऊन जाते. म्हणून घाम येतो. भरलेली बादली हातात धरून नुसतं उभं राहिलं तरी हात भरून येतात, ते याचमुळे. वहीत शून्य आलं म्हणून कष्ट शून्य होत नाहीत. तो शून्य हंड्याच्या खात्यातला आहे, बाईच्या नव्हे.

कष्टांचा विषय निघालाच आहे, तर घरातलं विजेचं बिल काढा. त्यावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. एका पोहऱ्याला १२००, तर एका युनिटात किती पोहरे? तीन हजार! एका पोहऱ्याला २४ सेकंद धरले, तर न थांबता, न जेवता वीस तास शेंदत बसावं लागेल. घरातले आजी-आजोबा 'उगाच दिवा जाळू नका' म्हणून ओरडतात, त्यांतल्या कित्येकांनी लहानपणी पाणी शेंदलेलं असतं. १० वॅटचा एलईडी दिवा दोन मिनिटं जळला, की एक पोहरा संपला.

पोहऱ्याचा हाच व्यवहार डोंगराएवढ्या प्रमाणात चालतो, तोही आपल्या सह्याद्रीत. अकोले तालुक्यात घाटघरला वर एक धरण आहे आणि कड्याखाली शहापूर तालुक्यात चोंढे इथे दुसरं. दोन्हींच्या उंचीत फरक सुमारे ४०० मीटरचा. विजेची मागणी कमी असते तेव्हा पंपांनी खालचं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. २५० मेगावॉटचं हे केंद्र २००८ साली सुरू झालं. गच्चीवर असते तसल्या हजार लिटरच्या टाकीएवढं पाणी तिथे वर नेलं, की ४० लाख ज्यूल साठतात, म्हणजे एक युनिटाहून थोडे जास्त. पंप, नळ आणि यंत्रं आपापला वाटा खातात, त्यामुळे चार युनिटं घालून हाती साधारण तीनच येतात. तरीही परवडतं, कारण वीज नुसती ठेवून देता येत नाही. डोंगरावर नेलेलं पाणी ठेवता येतं.

आता एक कोडं तुमच्यासाठी. आजोबांना मोटेबद्दल विचारा. मोट ओढणारे बैल सपाटीवर चालत नसत. विहिरीपासून दूर उतरत जाणारी एक धाव बांधलेली असे. बैल उताराने खाली जात आणि भरलेली मोट वर येई. मोट थारोळ्यात रिकामी झाली की बैल मागे मागे पावलं टाकत पुन्हा धाव चढत. मोट वर येत होती तेव्हा कुणाची स्थितिज ऊर्जा कमी होत होती? आणि ती परत मिळवायला कार्य कुणी केलं, कधी केलं? मांडा हिशेब. बैलाचं वजन ३०० किलो धरायला माझी हरकत नाही.