कोलकात्याहून आणलेलं एक चित्र

कोलकाता म्हटलं की रसगुल्ला, हावडा ब्रिज आणि ‘दादा’ गांगुली! माझं जनरल नॉलेज इथेच संपत होतं. त्यामुळे ऑफिसच्या कामासाठी शुक्रवारी सॉल्ट लेकला जायचं ठरलं, तेव्हा मी परतीचं तिकीट रविवार रात्रीचंच काढलं. हाताशी दोन दिवस, एक रिकामी बॅग आणि सोबतीला तिथलीच एक कलीग. तिने आधीच बजावलं होतं, ‘भाव केल्याशिवाय इथे काहीही घ्यायचं नाही.’ आता पुण्याच्या पोरीला हे शिकवायला लागतं का?

आधी पोटोबा

शनिवारची सुरुवात कोपऱ्यावरच्या दुकानातल्या गरमागरम कचुरीने झाली. आपल्या कचोरीशी तिचं फक्त नावाचं नातं. ही पुरीसारखी फुगलेली, सोबत बटाट्याची पातळ भाजी आणि शेवटी जिलेबी. वर मातीच्या ‘भांड’मधला चहा. चहा संपला की भांडं टाकून द्यायचं, हे काही माझ्याच्याने होईना. शेवटी टिश्यूत गुंडाळून बॅगेत टाकलं. पहिली खरेदी, तीही फुकट!

दुपारी कॉलेज स्ट्रीट. दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या टपऱ्या, मधोमध आपण. कॉफी हाऊसमध्ये पगडीवाल्या वेटरने आणलेली कॉफी ठीकठाकच होती, पण शेजारच्या टेबलावरचं भांडण फर्स्ट क्लास! विषय कळला नाही. फुटबॉल असावा किंवा राजकारण. तिथून १८७४ मध्ये सुरू झालेलं न्यू मार्केट. आत १९०२ पासूनची नाहूमची बेकरी आहे, तिथला प्लम केक सोडू नका. आणि हो, पुचका! रगडा नाही, गोड चटणी नाही. कुस्करलेला बटाटा आणि चिंचेचं झणझणीत पाणी. पाणीपुरीशी तुलना केलीत तर पुचकेवाला तुमच्याकडे दयेने बघतो.

गाणारं चित्र

संध्याकाळी आम्ही दक्षिण कोलकात्यातल्या एका छोट्या हस्तकला मेळ्यात शिरलो. कांथाच्या साड्या, डोक्राचे दागिने, बांकुड्याचे मातीचे घोडे... बॅग भराभर भरत होती. एका कोपऱ्यात चटईवर पन्नाशीची एक बाई बसली होती. समोर कागदाच्या गुंडाळ्या. मी एक उचलली, तर तिने ती हळूच माझ्या हातातून घेतली, उलगडायला लागली आणि चक्क गायला लागली. एकाखाली एक चित्रं, त्यांवरून फिरणारं तिचं बोट आणि तो आवाज. बांगला मला ओ की ठो कळत नाही, पण बेहुलेची गोष्ट कळली. नवऱ्याला साप चावतो आणि ती त्याचं प्रेत घेऊन तराफ्यावरून निघते.

कलीगने मग सगळं समजावलं. ही मंडळी पटुआ, पश्चिम मेदिनीपूरमधल्या पिंगला भागातल्या नया गावची. बहुतेकांचं आडनाव चित्रकर. धर्माने बरेचसे मुसलमान, पण चित्रांत आणि गाण्यांत देवदेवतांच्या कथाही. रंग घरीच करायचे: हळदीचा पिवळा, गोकर्णाच्या फुलांचा निळा, काजळीचा काळा, आणि ते धरून ठेवायला बेलफळाचा डिंक.

‘किती?’ मी विचारलं.

‘बाराशे.’

‘सातशे.’

ती काहीच बोलली नाही. मग साडेसातशे, आठशे. शेवटी तिने मान डोलावली, चित्र गुंडाळलं, जुन्या वर्तमानपत्रात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. मी कलीगला टाळी दिली.

रात्री पार्क स्ट्रीटला जेवलो. बिल अठराशे. मी ते नीट वाचलंसुद्धा नाही. कार्ड दिलं, वर टिपही ठेवली. टॅक्सीत बसल्यावर मात्र एकदम लक्षात आलं. एसीमधल्या कॉन्टिनेन्टलशी मी हुज्जत घातली नाही. जिने मला चित्र विकण्याआधी अख्खी गोष्ट गाऊन दाखवली, तिच्याशी घातली.

स्वस्त म्हणजे काय?

रविवारी कालीघाटला गेलो. एकोणिसाव्या शतकात असेच पटुआ गावं सोडून या देवळाच्या आसपास येऊन राहिले. यात्रेकरूंना घाई असायची, खिसाही बेताचा. मग लांबलचक पटांऐवजी एकेका कागदावर झरझर रेषांची चित्रं सुरू झाली: देव, मांजर, छानछोकीत बुडालेले बाबू. चार पैशांत आठवण म्हणून घरी न्यायची वस्तू! पुढे छापील चित्रं त्याहून स्वस्त मिळायला लागली आणि हा धंदा बसला. आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्याच चित्रांचा मोठा संग्रह आहे. जामिनी रॉय यांनी आर्ट स्कूलमधलं विलायती वळण सोडून या बाजारी चित्रांकडूनच धडे घेतले. त्यांची चित्रं आता राष्ट्रीय ठेवा आहेत, देशाबाहेर नेता येत नाहीत.

दुपारी मी पुन्हा मेळ्याकडे धावले. उरलेले चारशे रुपये पाकिटात वेगळे काढून ठेवले होते. पण मांडवाचे बांबू सोडत होते. मेळा सकाळीच संपला होता.

घरी आल्यावर

आईने पट उलगडला. खूप वेळ बघत राहिली. ती कुडाळची.

‘अगो, ह्यां तर आमच्या पिंगुळीच्या चित्रकथीसारख्यां दिसतां,’ ती म्हणाली.

पिंगुळी. आजोळापासून रिक्षाच्या अंतरावर. तिथले ठाकर कलावंत सुट्या कागदांवरची चित्रं एकेक करून दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा गातात. तिथल्याच परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मी ती बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्डही केली होती. दर मे महिन्यात आजोळी जाऊन आंबे, फणस, मासे सगळं झालं. पिंगुळी मात्र राहिलीच. पिंगला बघायला कोलकात्यापर्यंत गेले आणि पिंगुळी दारात होती!

पट आता हॉलमध्ये टांगलाय. पाहुणे विचारतात, ‘केवढ्याला?’ मी बाराशे सांगते. चारशे अजून पाकिटाच्या मागच्या कप्प्यात आहेत.

जाणार असाल तर...

कधी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा छान, आणि खजुराच्या नव्या गुळाचा ‘नोलेन गुडेर संदेश’ याच दिवसांत मिळतो.

कसं: पुण्याहून आझाद हिंद, मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेस. शहरात मेट्रो घ्या. देशातली पहिली, १९८४ ची. २०२४ पासून ती हुगळीच्या खालूनही धावते.

बघा: १८१४ मध्ये स्थापन झालेलं इंडियन म्युझियम (सोमवारी बंद) आणि मूर्तिकारांचं कुमारटुली.

नया गाव: हावड्याहून रेल्वेने बालीचक, पुढे रस्त्याने.

आणि पिंगुळी: कोकण रेल्वेने कुडाळला उतरा. मी पुढच्या महिन्यात जातेय. या वेळी आधी कथा पूर्ण ऐकणार, मग सांगतील ती किंमत देणार.