छाटणीच्या टोळ्यांची यादी : आपली ओळ फोनवर कशी शोधायची



ऑक्टोबर छाटणीच्या टोळ्यांचं वेळापत्रक गूगल शीटवर टाकल्यापासून ऑफिसला रोज एकच फोन येतोय, "यादीत माझं नावच नाही." नाव असतं, पण सापडत नाही. परवा अशाच घोळात एका सभासदानं बाहेरची टोळी ठरवली आणि सकाळी आपलीही टोळी बागेत हजर. पेठहून पिकअपनं आलेली १२ माणसं. त्यांचा खाडा कुणी भरायचा? म्हणून आजचा मेसेज जरा लांब आहे, पण पूर्ण वाचा.

*शोधताना*
शीट उघडा, वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर दाबा आणि 'फाइंड अँड रिप्लेस' घ्या. आता खरी गोम. फोनला माणूस कळत नाही, अक्षरं कळतात. यादीत 'बाळासो' लिहिलंय आणि तुम्ही 'बाळासाहेब' शोधलं, तर काहीच सापडणार नाही. नुसतं 'बाळा' टाका, दोन्ही सापडतील. त्याहून बरं म्हणजे गट नंबर टाका. मात्र शीटमध्ये आकडे इंग्रजीत आहेत. मराठी कीबोर्डवरून मराठी आकडा टाकला तर तो जुळत नाही. आणि २१ शोधलं की १२१ पण येतो, २१ तारीखही येते. बाण दाबत पुढं जा आणि नाव बघूनच थांबा.

गटप्रमुखांनी 'रिप्लेस'ला हात लावू नये. एका दाबात सगळ्या यादीतली नावं बदलू शकतात.

*फक्त आपल्या ओळी बघायच्या असतील तर*
आधी तीन ठिपक्यांतून 'शेअर अँड एक्सपोर्ट' आणि मग 'मेक अ कॉपी' करून स्वतःची प्रत घ्या. त्या प्रतीत 'क्रिएट अ फिल्टर' दाबा. 'गट नंबर' या रकान्याच्या डोक्यावर खूण येते, तिथं आपला नंबर तेवढा ठेवा. छाटणी, पेस्ट, फेलफूट, सगळ्या तारखा एकाखाली एक दिसतील. बाकीच्या ओळी पुसल्या जात नाहीत, फक्त झाकल्या जातात.

प्रत कशासाठी? मूळ शीटवर गटप्रमुखानं फिल्टर लावला की तो सगळ्यांच्याच फोनवर लागतो. "माझं नाव नाही" म्हणणारे निम्मे फोन त्यातलेच निघाले! गटप्रमुखांनो, काम झालं की 'रिमूव्ह फिल्टर' आठवणीनं करा. आणि सभासदांनो, प्रत घेतल्यावर मूळ यादीत झालेला बदल तुमच्या प्रतीत येत नाही. टोळी येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मूळ शीट एकदा बघाच.

*मजुरीचा हिशोब*
फिल्टर लावल्यावर खालची 'एकूण' रक्कम आपलीच समजू नका. ती 'सम' सूत्रानं काढलेली आहे, त्यात झाकलेल्या ओळीही धरल्या जातात. मुकादमाशी यावरून हुज्जत घालून उपयोग नाही, तो त्याच्या वहीप्रमाणे बरोबरच असतो. आपल्या प्रतीत 'सबटोटल' सूत्र ९ आकडा देऊन वापरलं तर दिसणाऱ्या ओळींचीच बेरीज येते. जमत नसेल तर ऑफिसला या, दोन मिनिटांचं काम आहे.

तारीख बदलून हवी असेल तर आदल्या दिवशी दुपारी ४ पर्यंत फोन करा. त्यानंतर टोळीची गाडी ठरलेली असते.