भिंतीत मुरलेला धूर

राईस मिल आणि तेंदूपानांवर उभा राहिलेला विडीव्यवसाय ही गोंदिया जिल्ह्याची जुनी ओळख. येथील बाजारपेठेत जुने घर घेताना सातबारा, कर-पावत्या, हद्दी सारे तपासले जाते. भिंतींचा वास मात्र कोणी तपासत नाही. पहिला पाऊस पडला, हवा दमट झाली की पूर्वीच्या रहिवाशाने ओढलेल्या विड्यांचा कडवट दर्प खोलीत पुन्हा पसरतो.

धूर विरला तरी त्यातील निकोटीन आणि डांबराचे सूक्ष्म कण भिंती, पडदे, गाद्या व पंख्याची पाती यांवर चिकटून राहतात. ओलावा आणि उष्णता मिळाली की ते पुन्हा हवेत मिसळतात. रांगणारे बाळ जमिनीला हात लावून तोच हात तोंडात घालते. म्हणून हा प्रश्न केवळ वासाचा नाही.

पुष्कळ घरांत यावर अगरबत्ती लावली जाते. तिने वास झाकला जातो, पण तिच्या धुराची त्यात भरच पडते. आधी कपाटे रिकामी करून पडदे, चादरी धुवाव्यात. गाद्यांवर खाण्याचा सोडा रात्रभर पसरून सकाळी झटकावा व त्या कडक उन्हात ठेवाव्यात. तैलरंगाच्या भिंती कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून खालून वर पुसाव्यात, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. शेवटी स्वच्छ पाण्याचा हात फिरवावा. चुन्याच्या भिंतीवर लिंबू वा व्हिनेगर वापरू नये. आम्लाने चुना विरघळतो. तो थर खरवडून काढणेच बरे. डाग रोखणारा प्रायमर न देता थेट रंग लावल्यास पिवळे डाग व वास पुन्हा वर येतात. कूलर व वातानुकूलन यंत्राच्या जाळ्याही विसरू नयेत.

हे करताना श्रावकाचा विवेक सुटू नये. कोनाडे आधी मऊ पुंजणीने हळुवार पुंजावेत, पाणी गाळून घ्यावे, काम सूर्यास्तापूर्वी आटोपावे. चातुर्मासापूर्वीच्या कोरड्या दिवसांत ही सफाई झाल्यास जीवहिंसा कमी होते आणि भिंतीही नीट वाळतात.

मात्र घरातच कोणी विडी ओढत असेल, तर भिंती धुणे म्हणजे जुनी थकबाकी तशीच ठेवून नवे कर्ज मंजूर करण्यासारखे आहे. अनेक घरांत ही सवय वडीलधाऱ्यांची असते आणि सुनेला बोलण्याचा संकोच वाटतो. हा संकोच मुलाने दूर करावा. अग्निकायातही जीव मानणाऱ्या आणि निष्कारण हिंसेला अनर्थदंड म्हणणाऱ्या धर्मात आजोबांना हे समजावणे कठीण जाऊ नये. नातवंड मांडीवर असताना तर शब्दही फारसे लागत नाहीत.