दूध उकळले, तरी विषबाधा का होते?

दूध उकळले म्हणजे ते निर्धोक झाले, अशी आपल्याकडे घरोघरी दृढ समजूत आहे. परंतु ती अर्धीच खरी आहे. मावळ प्रांती आषाढ-श्रावणात पावसाचा जोर वाढला म्हणजे वीज कित्येकदा जाते, शीतकपाट बंद पडते, आणि लोणावळ्याच्या घरी पाहुण्यांची वर्दळ तर त्याच दिवसांत असते. अशा वेळी उरलेला अर्धा भाग गृहिणींनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

उकळीने दुधातील बहुतेक रोगजंतू मरतात, यात शंका नाही. पण स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू दुधात वाढत असता एक विष निर्माण करतो, आणि ते उकळीने नाश पावत नाही. हा जंतू दगडी झालेल्या जनावराच्या कासेतून येतो. तसाच तो दूध हाताळणाऱ्याच्या नाकातून अथवा बोटावरील पिकलेल्या जखमेतूनही येतो. दूध ऊबदार जागी तासन्‌तास राहिले की विष साठते. पुढे ते कितीही आटवा, जंतू मेले तरी विष राहते. आणि चवीत वा वासात फरक पडेलच असे नाही.

याचा मोठा दाखला जपानात मिळाला. मार्च २००० मध्ये होक्काइडो येथील दुग्धालयात वीज गेली व दूध गार न होता राहिले. त्याच्या भुकटीपासून ओसाका येथे तयार झालेल्या दुधाने त्या उन्हाळ्यात तेरा हजारांहून अधिक माणसे आजारी पडली. जंतू उष्णतेने मेले होते. विष मात्र उरले होते.

लक्षणे ओळखताना प्रथम वेळ पाहावी. बासुंदी खाऊन अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत पंगतीतील अनेकांना एकदम मळमळ, उलट्या व पोटात कळा सुरू झाल्या, आणि ताप नसला, तर बहुधा हेच विष होय. त्यास एका दिवसात उतार पडतो. निरसे दूध पोटात गेल्यावर काही तासांनी वा दोन-चार दिवसांनी ताप, जुलाब व क्वचित रक्त पडू लागले, तर साल्मोनेला किंवा कँपिलोबॅक्टर या जिवंत जंतूंचा संशय घ्यावा. कित्येक आठवड्यांनी येणारा चढउताराचा ताप व सांधेदुखी ही ब्रुसेलाची खूण असू शकते.

उपचारात मुख्य गोष्ट पाण्याची. औषधी दुकानातील क्षारसंजीवनी द्यावी; ती नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजावे. तान्ह्याचे अंगावरचे दूध तोडू नये. जुलाब थांबविणारी गोळी मुलांना आपल्या मनाने देऊ नये. लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे, ग्लानी, शौचावाटे रक्त, तीव्र ताप अथवा पाणीही न ठरणे, यांपैकी काहीही दिसताच वैद्यकीय मदत घ्यावी. बाळे, वृद्ध व गर्भवती यांच्याबाबत तर वाटच पाहू नये.

दूध आणताच उकळावे, लवकर निववून शीतकपाटात ठेवावे. दोन तासांहून अधिक बाहेर राहिलेली बासुंदी वा खीर पुन्हा तापवून वाढू नये. बोटास जखम असलेल्याने दुधाच्या भांड्यास हात लावू नये. अभिषेक निरशा दुधाने करावा, परंतु तीर्थ म्हणून वाटावयाचे पंचामृत तापवून गार केलेल्या दुधाचेच असावे. चार शेर दूध टाकताना जीव हळहळतो खरा. पण एका पातेल्यावर सारे घर जेवते, हे विसरू नये.