मखमलीचा भाव

25 जून 1997 च्या संध्याकाळी न्यूयॉर्कमधल्या क्रिस्टीज या लिलावघरात एका शाईनिळ्या मखमली गाऊनवर दोन लाख डॉलरला हातोडा पडला. घेणाऱ्याने प्रत्यक्षात मोजले 2,22,500. वरचे साडेबावीस हजार ही लिलावघराची दलाली. तेव्हाच्या दराने बोलीच्या पहिल्या 50 हजारांवर 15 टक्के आणि उरलेल्या दीड लाखावर 10 टक्के. कागदावर मांडून पाहा, आकडा पैपर्यंत जुळतो.

दलालीचा उलगडा दोन ओळींत होतो. मूळचे दोन लाख मात्र कुठून आले, हे कितीही वेळा वाचलं तरी नवल वाटत राहतं. मखमल कितीही उंची धरा, फिटिंगला लागलेला एकेक तास महागात महाग दराने लावा, बेरीज दोन लाखांच्या जवळपासही जात नाही. बाकीचा सगळा भाव कापडाबाहेरचा आहे.

हा गाऊन ब्रिटनच्या युवराज्ञी डायनाचा. तो शिवला लंडनच्या व्हिक्टर एडेलस्टाइन यांनी. त्यांच्या संग्रहात हा नमुना गडद लाल रंगात होता. डायनाने तो पाहिला आणि आपल्यासाठी निळ्यात मागितला. खांदे उघडे, कंबरेपासून खाली चापून बसलेला, मग गुडघ्याजवळ फुलणारा. 9 नोव्हेंबर 1985 च्या रात्री व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या मेजवानीत ती हा गाऊन घालून अभिनेता जॉन ट्रॅव्होल्टाबरोबर नाचली. अध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनीच ट्रॅव्होल्टाला पुढे केलं होतं. छायाचित्रकाराने नेमक्या क्षणी कळ दाबली, गिरकीत मखमलीचा घेर बाजूला उडालेला टिपला गेला आणि ते छायाचित्र जगभर गेलं. तेव्हापासून हा गाऊन ‘ट्रॅव्होल्टा ड्रेस’ म्हणूनच ओळखला जातो. शिवणाऱ्याचं नाव मागे राहिलं, नाचात साथ देणाऱ्याचं चिकटलं.

लिलावाच्या त्या संध्याकाळी डायनाचे असे 79 पोशाख विकले गेले. युवराज चार्ल्सपासूनच्या घटस्फोटाला तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं. सरकारी मेजवान्या आणि राजदौरे संपले होते. त्यांच्यासाठी शिवलेले गाऊन कपाटात उभे होते. ते विकून पैसे दान करावेत ही कल्पना थोरल्या मुलाची, विल्यमची. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि डायनाने हे श्रेय उघडपणे त्याला दिलं. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये आधी भरलेल्या प्रदर्शनांना ती स्वतः गेली. लिलावाच्या दिवशी मात्र ती दालनात नव्हती. साडेबत्तीस लाख डॉलरच्या वर रक्कम जमली, म्हणजे पोशाखामागे सरासरी एक्केचाळीस हजार.

पैसा कुठे गेला, हे मला भावाइतकंच महत्त्वाचं वाटतं. एक वाटा एड्स क्रायसिस ट्रस्टला आणि दुसरा रॉयल मार्सडेन या लंडनच्या कर्करोग रुग्णालयाच्या निधीला. दोन्हींशी तिचं जुनं नातं होतं. 1987 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात एड्सच्या रुग्णांसाठी वेगळा कक्ष सुरू झाला. स्पर्शाने एड्स होतो, असं तेव्हा चांगली शिकलेली माणसंही मानत होती. डायनाने तिथे हातमोजे न घालता एका रुग्णाशी हस्तांदोलन केलं. ही भीती घालवण्याचं जे काम औषधाने, भाषणाने किंवा पत्रकाने झालं नव्हतं ते त्या हस्तांदोलनाच्या एका छायाचित्राने बरंच केलं. मार्सडेनची तर ती अध्यक्ष होती. 1996 मध्ये शंभराच्या आसपास संस्थांचं आश्रयदातेपद तिने सोडलं आणि मोजक्या सहा ठेवल्या. त्यांत मार्सडेन होतं.

लिलावाला दहा आठवडेही झाले नव्हते तोच, 31 ऑगस्टला पॅरिसमध्ये अपघातात तिचा मृत्यू झाला. हयात बाईने हौसेने आवरलेल्या कपाटातले कपडे एका रात्रीत ऐतिहासिक वस्तू झाले. त्यांची संख्या आता कधीच वाढणार नव्हती.

इथून पुढची गोष्ट भावाच्या दृष्टीने फार विलक्षण आहे. 1997 च्या त्या संध्याकाळी एडेलस्टाइन यांचाच आणखी एक गाऊन विकला गेला होता: 1989 चा, जांभळ्या मखमलीचा, खांदे नसलेला. बोली 21 हजारांवर थांबली, दलालीसह 24,150 डॉलर झाले. जानेवारी 2023 मध्ये तो न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावघरात पुन्हा आला. अंदाज 80 हजार ते 1 लाख 20 हजारांचा होता. गेला 6,04,800 डॉलरला, म्हणजे पंचवीसपट. त्याच वर्षाच्या शेवटी जाक अझागुरी यांनी 1985 मध्ये शिवलेला, काळ्या मखमली चोळीचा आणि निळ्या ऑर्गेंझाच्या घेराचा पोशाख ज्युलियन्स या लिलावघरात 11,48,000 डॉलरला गेला.

म्हणजे तिचा गाऊन असला की भाव चढतोच? तसं नाही, आणि याची साक्ष तो निळा गाऊनच देतो. 1997 मध्ये तो घेणाऱ्या व्यक्तीकडे डायनाचे एकूण 14 पोशाख जमले होते. पुढे आर्थिक ओढाताण झाली आणि 2011 मध्ये ते टोरांटोत लिलावाला निघाले. निळ्या गाऊनला तिथे गिऱ्हाईक मिळालं नाही. 2013 मध्ये लंडनला केरी टेलर यांच्या लिलावात तो 2,40,000 पौंडांना गेला. 2019 च्या डिसेंबरमध्ये तिथेच पुन्हा आला, या वेळी अडीच ते साडेतीन लाख पौंडांचा अंदाज लावून, आणि तसाच परत गेला. डायनाच्या साऱ्या कपड्यांतला सगळ्यांत प्रसिद्ध कपडा, आणि अंदाजाएवढी बोली नाही!

लिलावाचं हे रहस्य मला सगळ्यांत आवडतं. दालनात शंभर माणसं ‘वा!’ म्हणोत, भाव ठरवतात शेवटची दोन माणसं. एकाला ती वस्तू हवीच आहे आणि दुसऱ्यालाही हवीच आहे, तोवर आकडा वर जातो. दुसऱ्याने हात खाली घेतला की पहिल्याची बोली तिथेच थांबते. त्याने मनात याच्या दुप्पट रक्कम बांधलेली असली तरी ती कुणाला कळत नाही. विकणाऱ्याने एक गुप्त किमान किंमतही सांगून ठेवलेली असते. बोली तिच्या खाली राहिली, तर वस्तू मालकाकडे परत. प्रसिद्धी दालन भरवते. पण हट्टाने पैसे मोजायला तयार असलेली दोन माणसं एकाच दिवशी समोरासमोर येणं हा योगायोगाचाच भाग.

आणि धर्मादायाचं काय? पहिल्या हातोड्याचं पुण्य पहिल्यापुरतंच. डायनाने पैसे दिले ते 1997 चे. त्यानंतर गाऊन नव्या मालकाच्या खासगी मालकीचा झाला. 24,150 चे 6,04,800 झाले तेव्हा त्या वाढीतला एक डॉलरही आपोआप रुग्णालयाकडे जात नाही. नवा मालक देईल तरच. मला हे खटकतं. कारण तो वाढलेला भाव ज्या कहाणीमुळे आला, त्या कहाणीत रुग्णालयं आणि रुग्ण ठायी ठायी आहेत. मध्ये काही मालकांनी आपल्या परीने वाट काढली. 1997 मध्ये फ्रँकलिन मिंट या अमेरिकी कंपनीने दीड लाखाच्या वर मोजून कॅथरीन वॉकर यांचा मोत्यांनी मढवलेला पांढरा गाऊन घेतला होता. उभ्या कॉलरच्या आखूड जाकिटामुळे त्याला ‘एल्विस ड्रेस’ म्हणतात. हाँगकाँगच्या 1989 च्या दौऱ्यात तिने तो घातला होता. कंपनीने पुढे तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला देऊन टाकला.

संग्रहालयात गेलेला गाऊन म्हणजे लिलावाच्या चक्रातून सुटलेला गाऊन, पण तिथे त्याची दुसरीच परीक्षा सुरू होते. मोत्यांच्या भाराने रेशीम खाली ओढलं जातं, म्हणून असा पोशाख हँगरला लटकवत नाहीत. आडवा ठेवतात, घडीच्या जागी आम्लविरहित मऊ कागदाच्या वळकट्या भरून. जरीची साडी वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवली की नेमकी तिथेच चिरते. रेशमी गाऊनचंही तेच. मखमलीची लव दाबली गेली, तर तिथे चकाकणारा डाग उरतो आणि तो इस्त्रीने निघत नाही. सगळ्यांत मोठा शत्रू प्रकाश. त्याने झालेली झीज साठत जाते आणि भरून निघत नाही, म्हणून नाजूक कापड सुमारे 50 लक्स इतक्या मंद उजेडात दाखवतात आणि काही महिन्यांनी अंधारात विश्रांतीला नेतात. काचेपलीकडे अंधुक का दिसतंय म्हणून आपण कुरकुरतो, त्याचं कारण हे.

याहून थक्क करणारं काम पुतळ्याचं. दुकानात पुतळा आधी असतो आणि कपडा त्याच्यावर चढतो. इथे उलट. कपड्याला ताण बसता कामा नये, म्हणून आतून माप घेऊन पुतळा घडवतात: कुठे कापूस भरतात, कुठे तासून काढतात, कंबर आणि छाती शिवणीला नेमकी भिडेपर्यंत. फिटिंगच्या दिवशी शिंप्याने घेतलेलं माप कापडात तसंच राहिलेलं असतं. तेच वाचत वाचत नसलेल्या देहाचा आकार पुन्हा उभा करायचा. शिंप्याची सारी विद्या उलट्या दिशेने वापरायची.

2019 मध्ये लिलावातून परत गेलेला तो निळा गाऊन पुढे हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेस या संस्थेने बोलणी करून घेतला. 2,20,000 पौंड आणि वर दलाली, मिळून 2,64,000. राजघराण्याशी संबंधित सुमारे दहा हजार वस्त्रं आणि वस्तू ही संस्था सांभाळते. केन्सिंग्टन पॅलेसचा लोकांना पाहायला खुला असलेला भागही तीच सांभाळते. त्याच राजवाड्यात डायना राहायची आणि या गाऊनचं शेवटचं फिटिंगही तिथेच झालं होतं.

2025 च्या जूनमध्ये ज्युलियन्सने कॅलिफोर्नियात तिच्या कपड्यांचा मोठा लिलाव केला आणि उत्पन्नाचा एक भाग मस्क्युलर डिस्ट्रॉफी यूके या संस्थेला द्यायचं आधीच जाहीर केलं. त्यात मखमल आणि मोत्यांच्या पंक्तीत एक निळा फुलाफुलांचा दिवसा घालायचा साधा पोशाखही होता. रुग्णालयांच्या भेटींना ती तो वरचेवर घालायची, कारण त्याचे खुलणारे रंग मुलांना आवडायचे. ‘केअरिंग ड्रेस’ हे त्याचं नाव. त्याला 5,20,000 डॉलर आले. 1997 मध्ये ‘ट्रॅव्होल्टा ड्रेस’ला आले होते त्याच्या दुपटीहून जास्त.